हौसेसाठी पाळलेला जीव

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारून आरंभ करतो. तुमच्या घरात एखादा प्राणी असेल, तर तो तुमच्याकडे कसा आला? आपण होऊन आला, कोणी दिला, की विकत आणला? विकत आणला असेल, तर विकणाऱ्याकडे तो कोठून आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांजवळ असते. शेवटच्या प्रश्नाची पाळी आली की आपण विषय बदलतो. माझ्यासमोर तो बदलता आला नाही, त्याचे निमित्त दिवेआगरला घडले.

दिवेआगर हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. सुपारी-नारळाच्या वाड्या, सुरूचे बन आणि त्यापलीकडे लांबच लांब वाळू. ह्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि मागे वळून न पाहता निघून जातात. पूर्वी कोकणात ही अंडी सर्रास उकरून खाल्ली व विकली जात. खाडीपलीकडच्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने घरटी राखण्यास सुरुवात केली, तेव्हापासून हळूहळू चित्र पालटले. आता दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ येथेही वनखात्याच्या देखरेखीखाली अंडी जाळीच्या कुंपणात सांभाळतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, आणि त्यांना समुद्रात सोडतात.

गेल्या उन्हाळ्यात नातेवाइकांकडे गेलो असता पहाटे मी तेथे उभा होतो. टोपलीखालून पिल्ले निघाली. तळहाताच्या निम्मीही नव्हती. दोरीच्या अलीकडे आम्ही पन्नास-साठ माणसे होतो. शेजारी एक सद्गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन उभे होते, मुलाच्या हाती प्लॅस्टिकची छोटी बादली होती. त्यांनी राखणीच्या पोराला हळूच विचारले, ‘एखादं पिल्लू मिळेल का हो? आमच्याकडे मोठी काचेची टाकी आहे.’ पोरगा हसला. म्हणाला, ‘न्याल हो साहेब, पण ठेवाल कुठं? त्याला आख्खा दर्या लागतो.’

ते उत्तर अलंकारिक नव्हे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आमच्या कोकणात, गुहागरला, अंडी घालताना आढळली. साडेतीन हजार किलोमीटरचे ते अंतर. अशा जिवाला काचेच्या टाकीत ठेवू पाहणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. त्याला फक्त त्या जिवाविषयी काहीच ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घ्यावे असे त्याला वाटलेले नसते.

पुढे चहाच्या टपरीवर त्या गृहस्थांशी ओळख झाली. ओळख निघता निघता ते आपल्याच समाजातले निघाले. चांगल्या नोकरीत, दिवाणखान्यात तथागतांची मूर्ती, दर पौर्णिमेला विहारात जाणारे. घरी आफ्रिकेचा राखी पोपट आहे, पाठीवर चांदण्या असलेले कासवही आहे, असे त्यांनी कौतुकाने सांगितले. पोपट विकत घेतला होता, कासव एका सहकाऱ्याने ‘घरात ठेवा, बरकत येते’ म्हणून दिले होते. मी काही बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते उमटले असावे. कारण ते एकदम म्हणाले, ‘काका, तुम्हाला आवडलं नाही वाटतं. पण एक सांगा. माझ्या आजोबांना गावात कोणी ओसरीवर चढू दिलं नाही. आज त्यांच्या पणतवानं साहेब लोकांसारखा परदेशी पोपट पाळला, तर कोणाच्या पोटात का दुखावं?’

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या पूर्वजांना हा प्रश्न पडण्याची वेळच आली नाही, अशांनी त्याचे उत्तर द्यायला धावू नये.

दिवेआगरपासून महाड फार लांब नाही. एकाच जिल्ह्यातले ते गाव. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, त्याच्या आधी त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पाखरे पीत होती. बंदी होती ती माणसांना. त्यामुळे ‘प्राण्यांवर प्रेम करा’ असा उपदेश ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या मनात कडवटपणा येतो. ज्या घरात कुत्रा गादीवर झोपे आणि कामाला आलेल्या आमच्या आईला चहा वेगळ्या कपात मिळे, त्या घरातले प्राणिप्रेम आम्ही पाहिले आहे. हा कडवटपणा खोटा नाही. फक्त एवढेच लक्षात घ्यावे, की त्यात कुत्र्याचा अपराध काही नव्हता.

गृहस्थांच्या बोलण्यात मात्र एक शब्द मला खटकला. ‘साहेब लोकांसारखा.’ म्हणजे पोपट हवा होता तो पोपट म्हणून नव्हे. शेजाऱ्याकडे नाही असे काही आपल्याकडे असावे म्हणून हवा होता. साधे मांजर त्या कामाचे नाही, ते सगळ्यांकडे असते. अनोखा प्राणी पाळण्याच्या हौसेचे मर्म येथे आहे. मोबाईलवरच्या चित्रफितींत कोणी खांद्यावर इग्वाना घेऊन बसलेला दिसतो, कोणी गळ्यात अजगर घातलेला दिसतो. पाहणाऱ्यांचे डोळे प्राण्यावर असतात, पण दाखवले जात असते ते मालकाला. प्राणी जितका दुर्मिळ तितका मालक मोठा. आता ज्या समाजरचनेने आपल्याला तळाशी ठेवले, तिचाही नियम हाच नव्हता काय, की माझा मोठेपणा दुसऱ्या कोणाला तरी माझ्या ताब्यात ठेवून सिद्ध व्हावा?

येथे सावध राहिले पाहिजे. माणसाच्या गुलामीची आणि पोपटाच्या पिंजऱ्याची बरोबरी करणे मला पसंत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जे सोसले त्याला पाखराची उपमा देण्याचा अधिकार कोणाला नाही. मी दुःखाची तुलना करीत नाही. मालकाच्या भाषेची करतो. ‘मी त्याला खायला घालतो, त्याला काही कमी नाही, तो माझ्याकडे सुखात आहे’ ही वाक्ये आपण पूर्वी कोणाच्या तोंडून, कोणाविषयी ऐकली आहेत, ते आठवून पाहावे. निदान आपल्या कानांना तरी ती ओळखीची वाटायला हवीत.

मग कोणी म्हणेल, प्राणी पाळूच नये काय? बाबासाहेबांना स्वतःला कुत्र्यांची आवड होती, ते त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. कुत्रा हजारो वर्षांपासून माणसाच्या संगतीत राहत आला, त्याचे जगणेच माणसांमध्ये आहे. दार उघडे ठेवा, कुत्रा संध्याकाळी परत येतो. मांजर तर आपल्या मर्जीने येते, आपल्या मर्जीने जाते, आणि घर आपलेच आहे असे समजून आपल्याला राहू देते! शेतकऱ्याचे बैल, कोंबड्या, शेळी ह्यांचा संबंध पोटाशी आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना गरजेपोटी होणारी हत्या आणि हत्येची इच्छा ह्यांत भेद केला आहे. तोच भेद मी बंधनाला लावून पाहतो. दिवेआगरचा कोळी मासे धरतो ती त्याची गरज. वीस मजल्यांच्या इमारतीत आफ्रिकेच्या रानातला पक्षी ठेवण्याची गरज कोणालाच नसते. तेथे असते ती केवळ इच्छा. आणि इच्छा म्हणजे तण्हा, हे धम्माच्या वाचकाला मी सांगायला नको.

त्या पोपटाविषयी थोडे सांगतो, कारण माहिती नसताना केलेली करुणा अनेकदा क्रूर ठरते. आफ्रिकेचा राखी पोपट रानात थव्याने राहतो. तो माणसाचे बोल हुबेहूब उचलतो, ह्याच गुणापायी तो मोठ्या संख्येने पकडला गेला, इतका की २०१६ मध्ये साइट्स ह्या आंतरराष्ट्रीय कराराने रानातून पकडलेल्या ह्या पक्ष्यांचा व्यापार थांबवला. एकटा, कंटाळलेला पक्षी स्वतःची पिसे उपटतो. आणि तो बोलतो कशासाठी? थव्यात आपल्या माणसांना साद घालण्यासाठी जो आवाज त्याला मिळाला, तोच आवाज तो आपल्यावर खर्च करतो. थवा म्हणून त्याला आपणच मिळालो.

आपला देशी हिरवा पोपट तरी काय निराळा? आंब्याच्या ढोलीतून पिल्ले काढून, पंख छाटून बाजारात आणली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे, तरी आपल्या चाळींतून ‘मिठू मिठू’ ऐकू येतेच. चांदण्यांचे कासवही तसेच. ते गुजरात-राजस्थानच्या व दक्षिणेच्या कोरड्या झुडपी माळावरचे; कोकणच्या दमट हवेत, काचेच्या पेटीत ते आजारी पडते. तेही कायद्याने संरक्षित आहे, आणि २०१९ मध्ये साइट्सनेही त्याला सर्वांत कडक यादीत घातले. ह्या कासवाच्या मागे तर हौसेबरोबर अंधश्रद्धाही लागलेली आहे. घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते! मांडुळाचे तेच. मांडूळ हा उंदीर खाणारा निरुपद्रवी साप, पण त्याची शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून तो ‘दुतोंड्या’, आणि दुतोंड्या म्हणून पैशाचा पाऊस पाडणारा! त्याला गोणीत भरून लाखोंच्या बोलीने विकणारे आपल्या राज्यात वारंवार पकडले जातात. २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तरी शिकलेली माणसे ह्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभी असतात. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या घरात बरकतीसाठी कासव यावे ह्याला काय म्हणावे? प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञाही त्या बावीसांतच आहे. एका कासवाने दोन्ही बाजूंनी मोडतोड केली.

पंचशीलात आपण पहिल्या शीलाचा उच्चार करतो, आणि प्राणी पाळणाऱ्याला वाटते, मी तर मारीत नाही, उलट जगवतो. म्हणून येथे दुसरे शील अधिक उपयोगी पडते. अदिन्नादान म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. ढोलीतले पिल्लू कोणी दिले? आईने दिले नाही, रानाने दिले नाही. पैसे दिले ते तिसऱ्याच माणसाला. चोरीचा माल पैसे मोजून घेतला म्हणजे तो चोरीचा राहत नाही, असे आपण भांड्यांच्या बाबतीत मानत नाही. तथागतांनी उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितले, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष ह्यांच्या जोडीला जिवांचा व्यापारही आहे. पाली शब्द ‘सत्तवणिज्जा’. आपण म्हणतो, मी विकत नाही, फक्त घेतो. परंतु घेणारा नसता तर विकणारा दुकान मांडून कशाला बसला असता? अलीकडच्या वर्षांत मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून साप, सरडे, कासवे, माकडांची पिल्ले निघाली आहेत, काही मेलेली. ती बॅग आपल्या दिवाणखान्यापर्यंत येते.

गृहस्थांनी ह्यावरही एक उत्तर दिले, आणि ते उत्तर मी पूर्वी अनेकांकडून ऐकले आहे. म्हणाले, ‘काका, दुकानात तो पोपट एवढ्याशा पिंजऱ्यात होता. मी आणला नसता तर मेला असता. सिद्धार्थानं हंस वाचवला, तसंच समजा.’ वाचकहो, देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या हंसाची कथा आपल्या पोरांना तोंडपाठ असते. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, हा तिचा निवाडा. पण सिद्धार्थाने तो हंस देवदत्ताकडून पैसे देऊन घेतला नव्हता. घेतला असता, तर देवदत्त दुसऱ्या दिवशी आणखी दोन हंस पाडून दारात उभा राहिला असता. दुकानातला एक पोपट आपण सोडवला, की रिकाम्या पिंजऱ्यात दुसरा येतो, आणि त्याची किंमत आपणच ठरवून दिलेली असते.

सम्राट अशोकाचे ह्या बाबतीतले आदेश आपल्याकडे पुरेसे वाचले जात नाहीत असे मला वाटते. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने कोणते प्राणी मारू नयेत ह्याची यादी दिली. यादीचा आरंभ पोपट आणि मैना ह्यांनी होतो, पुढे कासवही येते. लेख वधाविषयी आहे, पिंजऱ्याविषयी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या लेखाचा शेवट कसा होतो? ह्या सव्वीस वर्षांत आपण पंचवीस वेळा कैदी मुक्त केले, असे राजा सांगतो. पोपटापासून सुरुवात आणि तुरुंगाच्या दाराशी शेवट, एकाच दगडावर. आपल्या कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, सोपाऱ्याला, त्याच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तोही १९५६ साली. खरे मंगल कशात आहे ते त्या लेखात सांगितले आहे: दासांशी व सेवकांशी नीट वागणे, आणि प्राण्यांविषयी संयम. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी. आधी माणसाचे पाहू, मग जनावराचे, अशी रांग त्याने लावली नाही.

कायद्याविषयी फार लिहीत नाही. परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी आपण होऊन नोंद करावी असे केंद्राने जून २०२० मध्ये जाहीर केले, तेव्हा देशभरातून हजारो प्राण्यांची नोंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतील जिवंत प्राण्यांची नोंदणी कायद्यात आली, २०२४ मध्ये तिचे नियम निघाले. नोंदणी झाली म्हणजे प्राणी बेकायदा नाही, एवढेच सिद्ध होते. अस्पृश्यताही एके काळी बेकायदा नव्हती.

आता कठीण भाग. आणलेल्या जिवाचे करायचे काय? आणण्यापूर्वी हा विचार होत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले, सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. अशा वेळी गोठ्यातल्या गाईचे दावे सोडता येते. ती जीव घेऊन पळेल आणि वारा पडल्यावर हंबरत परत येईल. राखी पोपटाचे दार उघडले तर तो जाईल कोठे? ह्या देशात त्याचे झाड नाही, थवा नाही. त्याला ठेवणे वाईट आणि सोडणेही वाईट, अशा जागी आपण त्याला आणून ठेवलेले असते. लाल कानांची अमेरिकन कासवे शहरांतून नाण्याएवढी असताना विकत घेतात. ताटलीएवढी झाली की लोक त्यांना तळ्यात सोडतात, आणि दया केली असे समजतात. मग ती तळ्यातल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावतात. तेव्हा आधीच आणले असेल तर तळ्यात, नदीत, रानात सोडू नका. देशी पोपट, चांदण्यांचे कासव, मांडूळ असेल तर वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. परदेशी असेल तर नोंद करा, जाणत्या पशुवैद्याला दाखवा, आणि नीट सांभाळा. दुसरा आणू नका.

गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की कासव आजच्या आज वनखात्याकडे द्या, त्यात चर्चेला जागा नाही. ते कबूल झाले. पोपटाविषयी मात्र मी अडखळलो. कारण बोलता बोलता त्यांनी सांगितले, की त्यांची आई दोन वर्षांपूर्वी वारली, आणि तो पोपट अजून रोज दुपारी तिच्या आवाजात मुलाला विचारतो, ‘जेवलास का रे?’ घरातले सगळे त्या वेळी गप्प होतात. पोराला तर तो हवाच असतो. आता ह्या घराला मी कोणत्या तोंडाने सांगावे, की हा पक्षी येथे यायलाच नको होता? तरीही तो यायला नको होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

एवढ्यात मुलगा टपरीवर आला. बादलीत त्याने शिंपले भरले होते. आमचे बोलणे त्याने ऐकले असावे, कारण त्याने मला विचारले, ‘आजोबा, आमचा पोपट किती वर्षं जगेल?’ मी म्हटले, ‘नीट सांभाळलास तर आणखी चाळीस वर्षं सहज.’ त्याने बोटांवर काहीतरी मोजले.

‘मग मी एकावन्न वर्षांचा होईन,’ तो म्हणाला, आणि वडिलांकडे पाहू लागला.